नमुना उतरवण्याची तारीख

९ जानेवारी

प्रिय ताई,

इतके दिवस पत्र नाही, माफ कर, असं लिहिलं आणि पेन थांबलं. दिवस कसले, वर्षं म्हणायला हवं. रोजनिशीत मात्र तुला पुष्कळ लिहिलंय. तिथे बरं असतं, उत्तर येत नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू "बोल" म्हणतेस आणि मी काय बोलायला फोन केला तेच विसरते.

आधी निमित्त सांगते, म्हणजे उगाच गळ्यात पडतेय असं वाटायला नको. आम्हाला सोसायटीने दंड केलाय. फ्लॅटच्या दारावर चक्क चिकटपट्टीने नोटीस लावली, रंग निघाला तर निघाला. कारण असं: "वर्षअखेरच्या सुट्ट्यांची सजावट मुदत उलटूनही गॅलरीतून न उतरवणे." दंड भरायचाच, शिवाय ती जितके दिवस राहील तितका तो वाढत जाणार.

हसलीस ना? आईच्या घरात सजावट! लहानपणी शेजारपाजारच्या खिडक्यांत दिवे लागायचे आणि आपण आईला विचारायचो, आपल्याकडे का नाही. "दिव्याला पोट नाही, त्याला मिरवू दे," असं म्हणून ती कपड्यांच्या कारखान्यात निघून जायची. तिच्यावर हा आरोप म्हणजे माशावर छत्री पळवल्याचा आळ.

आता ती सजावट म्हणजे काय, ते सांगायला हवं आणि त्यासाठी आधी हाताचं सांगायला हवं. गेल्या उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला, हे मावशीने तुला कळवलं होतं. कळवलं हे मला माहीत आहे, तू आली नाहीस हेही मला माहीत आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. (खोडावं का असा विचार केला. राहू दे. थोडा टोमणा आहेच.) जीभ लवकर सुधारली, इतकी की डॉक्टरच दमले. पाय बराचसा आला. उजवा हात मात्र तिच्या मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो. तिचं त्याच्याशी बोलणंच बंद आहे.

मग एका सकाळी तिने विचारलं, "माझी कात्री कुठंय?"

"कुठली?"

"कुठली म्हणजे? भाजी चिरायची विचारते का मी?"

तीच ती मोठी काळी, जिला हात लावला की आपल्याला धपाटा मिळायचा. मी आणून दिली. तिने ती डाव्या हातात धरली. उजव्या हाताची कात्री डाव्यात धरली की पाती एकमेकींपासून लांब जातात आणि कापड कापलं न जाता दुमडतं. मला हे तेव्हा कळलं, तुला माहीत असणारच. तिने तास-दीड तास झगडून एक तुकडा कापला आणि समोर धरला. कॉलर होती. म्हणजे कॉलर म्हणून ओळखू यावी अशी काहीतरी होती, एखाद्या मुलाने काढलेल्या होडीसारखी.

"टांग," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज एक. मी जुने कपडे आणि चिंध्या धुऊन इस्त्री करून ठेवते, ती खडूने आखते, कापते आणि मी गॅलरीतल्या दोरीला चिमट्याने लावते. तिच्या कटिंग खात्यातल्या भिंतीसारखं. तुला सांगायला नको, माझंच मला नीट करून घेते: खात्यात नमुना भिंतीवर टांगायचा, कापलेले तुकडे त्याच्याशी पडताळायचे, आणि माल पास होऊन बाहेर पडेपर्यंत भिंतीवरून काही उतरवायचं नाही. नमुना उतरला म्हणजे काम बंद झालं.

खालून पाहिलं तर रंगीत पताका वाटतात. छान दिसतात खरंच.

आता माझी करामत ऐक. डिसेंबरात कमिटीचं पत्रक आलं की दर्शनी गॅलरीत काहीही लावायचं असेल तर अर्ज भरा. अख्ख्या इमारतीत तो अर्ज भरणारी मी एकटी निघाले. वस्तूचा प्रकार कोणता? सजावट, कुंड्या, वाळणाचे कपडे, वैद्यकीय सोय, इतर. ताई, लायब्ररीत नवं पुस्तक आलं की त्याचा खण ठरल्याशिवाय मला घास उतरत नाही. आणि "इतर" हा खण म्हणजे आळशी माणसाची सोय, हे मी नव्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवत आलेय. तेव्हा "इतर"वर खूण कशी करणार? मी "सजावट"वर केली. सजावटीला मुदत असते. ती मी स्वतःच्या अक्षरात लिहिली, खाली सही केली आणि पोच घेतली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नोटीस आली त्या संध्याकाळी मी आईला भीतभीत विचारलं, "उतरवू का गं?"

"उतरव की," ती म्हणाली. मी चिमट्याला हात घातला तशी मागून म्हणाली, "कात्रीही उचलून ठेव मग. कायमची."

मी हात मागे घेतला. अपील करता येतं म्हणतात. करणार आहे.

तुझी,
धाकटी


१७ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मीही वर्षानुवर्षं दिलं नव्हतं, तेव्हा आपण अजून फिटंफाट झालेलो नाही.

अपिलाचा मसुदा चार वेळा लिहिला. पहिला फार रडका झाला, दुसरा वकिली, तिसऱ्यात मी कमिटीची अक्कल काढली. चौथा बरा आहे, पण त्यात एक वाक्य होतं ते काढलं. ते वाक्य अस्वलाबद्दल होतं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ड्रायव्हिंग शिकवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या गॅलरीत हवा भरलेलं भलंमोठं पांढरं अस्वल आहे. डोक्यावर लाल टोपी, आतून दिवा. ते या नव्हे, त्याआधीच्या वर्षअखेरीपासून तिथेच आहे, टोपीचा रंगसुद्धा उडाला. त्यांना नोटीस नाही. मी लिहिलं होतं, "समोरील अस्वलास वेगळा न्याय का?" रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. मुद्दा खरा होता, पण त्यांच्या अस्वलाच्या पाठीवर पाय देऊन मला वर चढायचं नव्हतं. सकाळी खोडलं. मी चांगली म्हणून खोडलं, की लिफ्टमध्ये रोज त्यांचं तोंड बघावं लागतं म्हणून, ते अजून ठरत नाही.

आईने नोटीस स्वतः वाचायला मागितली. चष्मा लावून, शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली.

"सजावट?" ती म्हणाली. "मी सजावट करते?"

"तो शब्द माझा आहे आई. अर्जात मी लिहिला."

"तू लिहिलास." तिने कागद घडी करून मला परत दिला. "कॉलेजात घातलं तुला."

एवढंच. दिवसभर पुढे एक शब्द नाही. तुझ्या वाट्याला हे गप्प बसणं किती आलं होतं, ते मला त्या दिवशी थोडंसं कळलं.

व्यायाम शिकवायला आठवड्यातून एकदा येणाऱ्या बाईंनी तोडगा सुचवला. त्या म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. हाताच्या व्यायामासाठी हे गरजेचं आहे असं मी पत्र देते. वैद्यकीय सोयीला तारीख नसते. कठडे, रॅम्प, सगळं त्यातच बसवतात लोक." सुंठेवाचून खोकला गेला असं मला वाटलं. खणही मिळाला आणि मुदतही टळली.

आई आतून ऐकत होती. काठी टेकत बाहेर आली.

"ते तिथं मी आजारी म्हणून लटकतंय का?"

"तसं नाही काकू, कागदापुरतं..."

"कागदापुरतं मी आजारी आणि कॉलरीपुरती कोण? मी काम करते म्हणून ते लटकतंय. असलं पत्र दिलंत तर पुढच्या वेळी व्यायाम तुमचा तुम्ही करा."

बाई हसत हसत गेल्या. जाताना दारात माझ्या हातात पत्र कोंबलं. "असू दे. लागलं तर," म्हणाल्या. ते माझ्या पर्समध्ये आहे. आईला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, म्हणजे अर्धं सांगितलं असं धरते.

एक मात्र खुशखबर आहे. डाव्या हाताने कापणाऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते, ती मी आणली होती. निळ्या मुठीची, हलकी. आईने तिच्याकडे अशी नजर टाकली की मीच ती कपाटात लपवली. "पोरांची आहे, चित्रं कापायची," म्हणाली. परवा संध्याकाळी मी कामावरून आले तर निळी कात्री टेबलावर आणि काळी भिंतीला टेकून, रुसल्यासारखी. त्या दिवसाची कॉलर होडीसारखी नाही. दोन्ही टोकं एकाच दिशेला बघतात.

ताई, मला इतका अभिमान वाटला की मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आईने तो पूर्ण प्यायला. म्हणजे तिलाही वाटला असणार.

धाकटी


२८ जानेवारी

ताई,

मावशीचा फोन आला. म्हणाली, "थोरलीनं काय विचारलं माहितीये? आई कुठली कात्री वापरते, काळी की दुसरी."

म्हणजे माझी पत्रं पोचताहेत आणि तू ती वाचतेस. मला लिहीत नाहीस, पण कात्रीची चौकशी करतेस. तू आईचीच मुलगी आहेस, यात काही शंका असलीच तर ती आज फिटली. उत्तर: निळी. काळीला ती दर रविवारी तेल देते.

कमिटीची सुनावणी पहिल्या तारखेला संध्याकाळी आहे. मी धीट आहे असं स्वतःला सांगतेय. इथे कमिटी म्हणजे मुख्यतः दोनच माणसं. अध्यक्ष दातांच्या डॉक्टर आहेत, चौथ्या मजल्यावर. बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, त्यामुळे माणूस कमी बोलतो. आणि सेक्रेटरी, ज्यांना सगळी इमारत मागे "मोजपट्टी" म्हणते. कुंडी कठड्याच्या बाहेर किती येते, पायपुसणं दारापासून किती पुढे सरकलंय, हे मोजायला त्यांच्या पट्ट्याला कायम स्टीलची टेप अडकवलेली असते. वाईट माणूस नाही. नियम पाळणाऱ्यांची मला चीड कशी येणार? मीच ती अर्ज भरणारी.

एक लिहायचं आहे ते टाळतेय, म्हणून मोजपट्टीचं लांबवलं.

दोरीच्या भिंतीकडच्या टोकाला, सगळ्यांत पहिली, एक कॉलर आहे. आईने डाव्या हाताने कापलेली नाही. जुनी आहे, शाळेच्या गणवेशाची निळी, कडेला खडूची खूण अजून पुसट दिसते. सुरुवातीलाच आईने ती कपाटातल्या साड्यांखालून काढून मला लावायला दिली होती. रोज नवी कॉलर कापली की आधी ती त्या निळीवर ठेवून बघते. कड कडेला लावते, टोक टोकाला. मग नाक मुरडते आणि म्हणते, "टांग."

मी समजत होते तिचीच असेल, तरुणपणची. काल तिला विचारलं. "नमुना," एवढंच म्हणाली.

पण मी ते कापड ओळखते. तू आईच्या खात्यात कापायला होतीस, त्या तुझ्या शेवटच्या महिन्यात हा गणवेशांचा माल आला होता. त्या महिन्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्ट माझ्या लक्षात राहिलीय. आई निवृत्त होणार होती आणि तिच्या जागी कटिंग मास्तर कोण, हे तिने सांगायचं होतं. सगळं खातं तुझं नाव धरून बसलं होतं. तिने दुसऱ्याच बाईंचं नाव दिलं. तू जेवणाच्या टेबलाशी उभी राहून म्हणालीस, "आई, तुला माझा हात कधी दिसलाच नाही." तिने ताट पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

मी तेव्हा मध्ये बोलले नाही. आताही बोलत नाही, फक्त जे दोरीवर दिसतं ते लिहिते. चुकत असेन. सुनावणीनंतर आईला सरळ विचारीन.

धाकटी


१ फेब्रुवारी

ताई,

आताच वर आलो. आई जेवून गॅलरीत बसलीय. मी आधी लिहून घेते, नाहीतर उद्यापर्यंत माझी सवय त्यात दुरुस्त्या करील.

आईने येऊ नये म्हणून मी खूप सांगून पाहिलं. ती तयार होऊन बसली होती. गळ्यात मोजायची टेप, कामावर जाताना घालायची तशी. मी म्हटलं, "अगं, टेप कशाला?" तर म्हणे, "त्यांच्या सेक्रेटरीकडे असते ना? मग मी का मोकळ्या गळ्यानं जाऊ?"

सुनावणी खालच्या हॉलमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलावर. नेट काढलं नव्हतं, त्यामुळे कमिटी नेटच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे. दहाबारा शेजारी मागे खुर्च्यांवर. अस्वलवालेही होते.

"आजी, तुम्ही आरामात बसा हं," मोजपट्टी म्हणाले.

"बसलेय. आणि मला मास्तर म्हणतात."

मी माझा कागद वाचला. अर्जात सजावट असं मी लिहिलं ती माझी चूक, आणि ती सजावट नाही.

"सही तुमचीच ना?"

"माझीच."

"अक्षर?"

"तेही माझंच."

"मग झालं तर," मोजपट्टी म्हणाले. ते उद्धट नव्हते, त्यांना खरंच झालं असं वाटलं.

डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "सजावट नाही, तर मग काय आहे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मोजपट्टींनी नियमांचं पुस्तक उलटलं. "दोरी आहे, चिमटे आहेत, कापड आहे. म्हणजे वाळत घातलेले कपडे. दर्शनी गॅलरीत सक्त मनाई. त्याचा दंड जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो."

आणि आई बोलली. "कपडे? बाळा, तू अंगात घातलायस तो कपडा. ते तुकडे आहेत. शिवल्याशिवाय कपडा होत नाही."

मागे कोणीतरी खुसखुसलं. मोजपट्टींनी मान डोलावली, त्यांना तो मुद्दा पटला. खरं सांगते, त्या क्षणी मला ते आवडले. पण त्यांनी लगेच पुढचं पान काढलं. "मग हे काम म्हणायचं. राहत्या इमारतीत धंद्याचं काम..."

"धंदा असता तर पहिलं गिऱ्हाईक तुलाच केलं असतं. कॉलर डावीकडे उतरलीय तुझी. शिवणाऱ्याची नाही, कापणाऱ्याची चूक."

मोजपट्टींचा हात आपोआप गळ्याशी गेला. हॉल हसला, डॉक्टरबाईही. पण हसून प्रश्न सुटत नसतो. सजावट म्हणावं तर मुदत संपली, कपडे म्हणावं तर मनाई, काम म्हणावं तर बंदी. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधे मोजपट्टी.

तेव्हा डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "हे हाताच्या उपचारासाठी चाललंय, असं मी ऐकलंय. तसं पत्र द्याल का? मग प्रश्नच मिटतो. दंडही रद्द करता येईल."

ताई, पर्स माझ्या मांडीवर होती. पत्र आतल्या कप्प्यात. नुसती चेन ओढायची होती. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होती, कड सरळ आहे का तपासल्यासारखी.

"नाही," मी म्हटलं. "असं पत्र आम्ही देणार नाही. ती आजारी म्हणून ते तिथे नाही. ती काम करते म्हणून आहे."

(पत्र आहे का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. द्याल का, असं विचारलं होतं. मी खोटं बोलले नाही. दोनदा तपासून पाहिलं.)

आईचा डावा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि लगेच परत गेला. तेवढ्यात मागून अस्वलवाले उठले. "मला एक विचारायचंय. माझं अस्वल वर्षापेक्षा जास्त दिवस आहे. मला का नाही नोटीस?"

"तुमचा अर्जच नाही," मोजपट्टी म्हणाले. "मुदत कुठून मोजणार?"

यावर मात्र सगळा हॉल खो खो हसला. स्वतः मोजपट्टीही हसायला लागले, हसता हसता त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो आणि ते आणखी लाल झाले. डॉक्टरबाईंनी टेबलावर बोटं वाजवली.

"मास्तर," त्या म्हणाल्या. हो, मास्तरच म्हणाल्या. "मला एवढंच सांगा. हे कधीतरी उतरणार ना? केव्हा?"

"माल पास झाला की."

"पास कोण करतं?"

"ज्याचा नमुना, त्यानं करायचा असतो. दुसऱ्या कुणाचा शिक्का चालत नाही. आमच्यात रीतच आहे तशी."

"म्हणजे तुम्हीच."

"मी नाही." आई थांबली. मला वाटलं दमली. दमली नव्हती. "भिंतीकडची पहिली आहे ना, निळी, ती माझ्या थोरलीनं कापलीय. अख्ख्या खात्यात तसं टोक कुणाला आलं नाही. मला नाही आलं. हा हात चालत होता तेव्हाही नाही आलं."

टेबल टेनिसचा एक चेंडू कोपऱ्यात होता, तो पंख्याच्या वाऱ्याने थोडा घरंगळला.

"कुठे असतात त्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"लांब. तिचं स्वतःचं कटिंग खातं आहे आता. पोरी शिकायला येतात तिच्याकडे." आणि मान ताठ करून, जसं काही कमिटीच दंड भरायला आलीय: "लांबलांबून येतात."

ताई, तुझ्या खात्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मावशीकडून तुझी बातमी घेत असणार, माझ्यासारखीच, चोरून.

निकाल असा लागला. आजपर्यंतचा दंड कायम, कारण सही माझी. मी उभी राहून म्हटलं, बरोबर आहे. ते मनापासून म्हटलं आणि म्हणताना मला लाज वाटली नाही. आजपासून मात्र नवा अर्ज. मोजपट्टींनी तिथेच कोरा कागद काढला. प्रकार: इतर. मी स्वतः खूण केली. वर्षानुवर्षांचं माझं शिकवणं पाण्यात गेलं.

"उतरवण्याची तारीख?" मोजपट्टींनी विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "लिहा. नमुना कापणारीने पास केल्यावर."

"मॅडम, ही तारीख नाही."

"मग रकान्याच्या बाहेर लिहा."

त्यांनी लिहिलं, बारीक अक्षरात, रेषेला न शिवता. मग टेप काढून आईला दाखवत म्हणाले, "मास्तर, दोरी कठड्याच्या बाहेर येता कामा नये, एवढं मात्र बघायचं." आई म्हणाली, "मोजून बांधलीय." आणि दोघंही समाधानी दिसले.

लिफ्टमध्ये मी विचारलं. विचारीन असं तुला लिहिलं होतं ना.

"हे तिला का नाही कधी सांगितलंस?"

"सांगायचं काय? तिचा तुकडा नमुना म्हणून भिंतीवर लावला होता. अख्ख्या खात्यासमोर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी. ती आलीच नाही."

"आणि जागा? ती दुसऱ्यांना का दिलीस?"

मजले जात राहिले. आमचा मजला आला, दार उघडलं, ती बाहेर पडली नाही. मी दार हाताने धरून ठेवलं.

"टोक येतं म्हणजे माणसं सांभाळता येतात असं नाही, असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. "आता तिच्याकडे पोरी टिकतात म्हणे. तेव्हा माझं माप चुकलं असेल." मग काठी पुढे टाकून निघाली. दोन पावलं गेल्यावर, न वळता: "पण त्या निळीच्या आतल्या कडेला एक दोरा सोडलाय तिनं. तो मी काढला नाही. तिचा तिनं काढावा."

घरी येऊन मी पर्समधलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, एवढंच लपवलं होतं. तिने ते वाचलं नाही. उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर खडूने कॉलर आखायला घेतली. म्हणाली, जाड कागद आहे, साचा चांगला होईल.

ताई, तू ये असं मी लिहीत नाही. आईने तसं म्हटलेलं नाही आणि तिच्या तोंडी न आलेला शब्द मी एकदा अर्जात घालून बघितलाय. कमिटीच्या कागदावर तुझं काम नोंदलं गेलंय, एवढं कळवते. सरकारी पत्रासारखं वाटेल, पण लिहिताना माझी मान आईसारखी ताठ झाली होती, हे तुला दिसायला हवं होतं.

आजच्या कॉलरीचं डावं टोक निळीशी जवळजवळ जुळतं. "जवळजवळ" हा माझा शब्द. तिने नाकच मुरडलं. पण रोजच्यापेक्षा कमी.

धाकटी

उद्या: गॅलरीतली दोरी भरत आली, आणखी हातभर जोडायची.